पिमलटांचा कांदा

मिल्ड्रेडला काम दिलं होतं पानं लावायचं, वाचायचं नव्हे. पण छापायचा मजकूर न वाचता हातावेगळा करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. वसईला घरी साप्ताहिक आलं की आधी निधनवार्ता वाचल्या जात, मग बाकीचं जग. आता दुबईत, ऊद मेथा भागातल्या ऑफिसात बसून ती इंग्लंडमधल्या श्रॉपशायर काउंटीची पाच स्थानिक साप्ताहिकं कॉम्प्युटरवर लावायची, आणि तीही तशीच वाचायची. श्रॉपशायर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तरी तिथल्या कुठल्या चर्चचं छप्पर गळतं आणि कुणाचं मांजर हरवलंय, सगळं तिला तोंडपाठ.

२००३ चा सप्टेंबर होता. काम सहा आठवड्यांच्या चाचणीवर मिळालं होतं आणि हा सहावा आठवडा. तिकडच्या संपादक मिसेस हॉलम खूश झाल्या तर काम कायम, नाहीतर ऑफिसातल्या बारा जणांनी बॅगा भरायच्या. करारातली पहिलीच अट, मजकुरातला एक शब्दही बदलायचा नाही.

गुरुवारी दुपारी शेवटची पानं चालली होती. निधनाच्या पानावर नाव होतं आर्थर पिमलट, मिल लेन. मागच्या गुरुवारी वारले. आणि चौदाव्या पानावर, शनिवारच्या भाजी प्रदर्शनात, सगळ्यात वजनदार कांद्याचं पहिलं बक्षीस कुणाला? आर्थर पिमलट, मिल लेन.

"ज्युड, इकडे ये. हा माणूस मेल्यावर दोन दिवसांनी बक्षीस घेतोय!"

ज्युड शिफ्टचा प्रमुख, वसईतल्या शेजाऱ्यांचाच मुलगा. घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "आंटी, बाप-लेकाचं नाव सेम असेल. यल्ला, चला, पेज पाठवा."

"लेक नाहीच त्यांना. एकच मुलगी, निधनाच्या नोटिशीत लिहिलंय."

"ते रिपोर्टरचं हेडेक. आपण टच नाही करायचं. खलास!" आणि तो दुसऱ्या टेबलाकडे पळाला.

चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात छापलेल्या फोटोतला हा म्हातारा मिल्ड्रेडला लख्ख आठवत होता. परसातला कांदा त्याने बाप्तिस्म्याच्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला होता. कांदा त्याचाच आणि गेलाही तोच. प्रदर्शनात घरचंच कुणीतरी घेऊन गेलं असणार. मग गेलेल्या माणसाचं नाव असं उघडंबोडकं छापायचं? वसईत लग्नपत्रिकेवर आजोबांच्या नावाआधी 'ख्रिस्तवासी' राहिलं तर मंडळी वर्षभर बोलत नाहीत. तिने नावाआधी 'द लेट', म्हणजे इंग्रजीतलं 'ख्रिस्तवासी', घातलं आणि पान पाठवून दिलं.

अंक छापून गेल्यावर ज्युडच्या ते लक्षात आलं. "आंटी, बारा जणांना घरी पाठवलंत तुम्ही!" मिल्ड्रेडला त्याचं वाईट वाटलं, केल्याचं नाही.

सोमवारी मिसेस हॉलमचा फोन आला. "चौदाव्या पानावर तो शब्द कुणी घातला?"

"मी," मिल्ड्रेड म्हणाली.

मिसेस हॉलम म्हणाल्या, "पिमलटांची मुलगी येऊन गेली. वडील गेल्यावर त्यांचा कांदा तिनेच प्रदर्शनात नेला, नाव त्यांचंच दिलं. तिथे कुणी तिच्याशी धड बोललं नाही. काय बोलावं ते सुचेना लोकांना. वडील गेलेत आणि जिंकलेतही, हे एका ओळीत फक्त आपल्या पेपराने म्हटलं म्हणाली. रडली खूप. सहा अंक घेऊन गेली."

मिल्ड्रेडचे डोळे भरून आले.

"पण अट तुम्ही मोडलीत," मिसेस हॉलमचा आवाज करडा झाला. "पुढच्या वेळी असं काही दिसलं तर आधी मला फोन करायचा. घरचा नंबर लिहून घ्या."

तिने नंबर लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला. फोन ठेवला तर ज्युड समोर उभा, तोंड एवढंसं झालेलं. "फिनिश ना सगळं?"

"ओरडल्या," मिल्ड्रेड म्हणाली आणि तिने निधनाचं नवं पान उघडलं. "पुढच्या वेळी आधी फोन करा म्हणाल्या."

"मग आता..." ज्युड बोलता बोलता थांबला. "पुढच्या वेळी?"

"हो रे बाबा, पुढच्या वेळी. आता बारा चहा मागव."