अंगातला जोर

"काकू, गोळा हातांनी नका उचलू. कमरेतून जोर द्या," व्यायाम शिकवणारी रसिका म्हणाली.

उत्तराने केटलबेलचा कान घट्ट धरला, बूड मागे नेलं आणि तो लोखंडी गोळा छातीपर्यंत झुलवला. ठाण्यात बाळकुमच्या त्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये साठीची ती एकटीच होती. बाकीच्या बायका पोट कमी करायला यायच्या. उत्तराची आई शेवटची काही वर्षं अंथरुणात होती, पाठीला जखमा झालेल्या. "मला कुणी उचलायची पाळी येऊ नये, बस," असं उत्तराने पहिल्याच दिवशी रसिकाला सांगितलं होतं.

हळूहळू तिचे गुडघे सुधारले. हात न टेकता जमिनीवरून उठता यायला लागलं. त्या आनंदात तिने रसिकाने काढलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

रविवारी शहाडला, धाकट्या दिराच्या, विनीतच्या घरी, त्याने तो व्हिडिओ सगळ्यांना पुन्हा दाखवला. आतल्या खोलीत सासूबाई, आवडाबाई, पडून होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना चालता येत नव्हतं.

"वहिनी, बारा किलो असं उडवतेस तू! आईचं वजन आता राहिलंय कितीसं? तिला तुमच्याकडेच ने."

"अरे, पण बाई ठेवलीय ना तुम्ही?"

"बाहेरची ती बाहेरचीच. तुझ्यासारखी नीट उचलणार का?"

उत्तराने नवऱ्याकडे पाहिलं. सुदेश म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. जिमला जायला नको, घरातच व्यायाम होईल तुझा."

सगळे हसले.

आवडाबाई बाळकुमला आल्या आणि उत्तराचा क्लास सुटला. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत पलंगावर. आवडाबाई अंग सैल सोडून द्यायच्या. वर म्हणायच्या, "माझ्या पोराने बायको केली की हमाल?" उत्तराचा उजवा खांदा धरला. रात्री त्या कुशीवर झोपता येईना.

नौपाड्याहून नणंद वासंती भेटायला आली. "आई, तुझं सगळं कोण करतं गं?" वासंतीने विचारलं.

"सुदेश. तो आहे म्हणून मी आहे."

सुदेश टीव्ही बघत होता. त्याने चॅनल बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराने बूट चढवले. "मी क्लासला जातेय. आईंना खुर्चीत बसवा."

"मी?"

"सगळं तुम्हीच करता ना."

ती परतली तेव्हा दोघंही फरशीवर होते. आईला उचलताना सुदेशची कंबर धरली होती आणि तिला घेऊनच तो खाली आला होता. आवडाबाईंचं लुगडं भिजलं होतं.

"कुठे तडमडली होतीस?" सुदेश कण्हत म्हणाला.

उत्तराने बूट काढले. हात धुतले. उभ्यानेच ग्लासभर पाणी प्यायली. स्वयंपाकघरातून दोघंही दिसत होते. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

मग ती आवडाबाईंच्या मागे गेली आणि त्यांच्या काखेत हात घातले.

"मला नको. आधी त्याला उचल."

"तुम्ही ओल्या आहात, आई."

"असू दे. त्याला दुखतंय."

उत्तराने हात काढून घेतले आणि ती सुदेशकडे वळली. तो पलंगाच्या पायाला टेकून बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात तिच्या दिशेने वर केले.