आईच्या रेडिओचं बटण

रेडिओ पार मेलेला असला तरी बाबा गिऱ्हाइकाला तसं कधी सांगत नसत. मागचं झाकण लावायचे, फडक्याने धूळ पुसायचे आणि म्हणायचे, "ठेवून द्या घरी. शोभेला छान आहे." गिऱ्हाईक काय ते समजायचं आणि रेडिओ काखेत मारून निघून जायचं. दुकान आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत होतं, त्यामुळे दादाने आणि मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की आम्ही ते एकमेकांवर वापरायचो. दादाला गणितात मार्क कमी पडले की मी ते प्रगतिपुस्तक फडक्याने पुसायचे आणि हेच म्हणायचे. त्यापायी मी मारही खाल्लाय.

लोकांचे रेडिओ बोलते करणाऱ्या माणसाच्या घरात आईचा रेडिओ मात्र मुका होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर तो बसलेला असायचा. आधी त्याचं आवाजाचं बटण निघून हरवलं, मग आई नुसत्या दांडीला चिमटीत धरून आवाज कमीजास्त करू लागली, आणि एक दिवस आवाजच गेला. "जरा बघा ना," आई म्हणायची. "उद्या बघतो," बाबा म्हणायचे. दुकानात लोकांचे रेडिओ रांगेत असायचे, घरचं घोंगडं भिजत पडायचं. आई चिडायचीसुद्धा नाही. भाजी निवडता निवडता स्वतःच गुणगुणायची. आणि एक दिवस तीही गेली.

त्यानंतर बाबांनी तो रेडिओ उघडला. आतला एकच जोड सुटला होता, बाकी सगळं धडधाकट. पाच मिनिटांचं काम होतं. बाबांनी ते मला स्वतःहून सांगितलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. झाकण न लावताच रेडिओ तसाच ठेवून दिला.

मग त्यांची नजर जायला लागली आणि दुकान बंद करावं लागलं. त्यांना समोरचं मधोमध दिसेना, फक्त कडेकडेचं दिसायचं. त्यामुळे माणसाशी बोलताना ते त्याच्या कानाकडे बघायचे. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आहे तेही फार दिवस राहणार नाही. बाबांना बाजूला घेऊन सांगायची गरजच नव्हती. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, की तिचा रेडिओ तेवढा करून टाकतो.

दादा म्हणाला, मी करतो, एकच तर जोड आहे. तो इंजिनिअर आहे आणि त्याला खरंच आलं असतं. बाबा त्याच्या कानाकडे बघत म्हणाले, "तिने मला सांगितलं होतं. तुला नाही."

आमच्या घरात हट्ट हा वडिलोपार्जित आहे, त्यामुळे वाद तिथेच संपला. दादाने जोड डागायचं स्वतःचं नवं सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात दिलं. बाबांनी एका जुन्या वायरीवर प्रयत्न केला, तर वायरीचं प्लास्टिक वितळलं आणि बोट भाजलं ते वेगळंच. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटतं म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या आयर्नचं तांब्याचं टोक, त्याला ते बिट म्हणायचे, त्यांनी वर्षानुवर्षं कानशीने घासून आपल्या हाताला हवं तसं तिरकं करून घेतलं होतं. ते टोक कुठे टेकतंय हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं. आता त्यांचा सगळा भरवसा त्या कळण्यावर होता. जरा बोट बरं होऊ दे, मग माझ्याच आयर्नने करतो, असं ते म्हणाले.

बोट बरं होईपर्यंत दादाच्या डोक्यात किडा वळवळला. रेडिओ वाजणार तर त्याला बटण नको का? दादाकडे थ्रीडी प्रिंटर आहे. त्यावर तो आजवर मोबाईल ठेवायचे स्टँड आणि वहिनीला नको असलेले हुक बनवत आला होता. त्याने जुना फोटो मोठा करून बघितला, दांडीचं माप घेतलं आणि कडेला बारीक खाचा असलेलं हुबेहूब बटण छापलं. बाबांनी ते बोटात फिरवलं आणि परत दिलं. प्लास्टिक आहे, म्हणाले. मूळचं बटण धातूचं होतं, सकाळी हात लावला की गार लागायचं.

एवढं पुरे होतं. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे गेले तर गच्चीला प्रयोगशाळेची कळा आली होती. घरात धड अशी एकच काचेची बरणी होती, ती वहिनीच्या डोळ्यांदेखत मोरचुदाच्या पाण्याने भरली गेली होती. निळंशार पाणी. त्यात बॅटरीवाल्याकडून आणलेलं थोडं ॲसिड. बेसिनला निळे डाग, टॉवेलला निळे डाग, दादाची नखं निळी. हौसेला मोल नसतं, वहिनी म्हणाली, पण बरणीला होतं.

दादाने मला सगळं समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून आधी ते पाण्याखाली पॉलिशपेपरने गुळगुळीत घासायचं, मग त्याला ग्रॅफाइटच्या भुकटीचा काळा लेप द्यायचा. लेप सुकला की बटण एका तारेला बांधून पाण्यात सोडायचं, आणि समोर सोडायचा तांब्याचा तुकडा. वीज सुरू केली की इकडचं तांबं हळूहळू झिजतं आणि तिकडे बटणावर चढतं. पहिल्यांदा त्याने घाई करून वीज जास्त सोडली, तर बटणावर चिखलासारखा तपकिरी थर आला आणि बोट लावताच पुसला गेला. दुसऱ्या बटणाला पोपडे आले.

त्या दिवसांत बाबा गच्चीत खुर्ची टाकून बसायचे. दादा आणि ते आयुष्यात एवढं कधी बोलले नसतील. "काय वैद्य, काढा झाला का?" बाबा विचारायचे, आणि दादा, माझा तो गंभीर, घड्याळ लावून जेवणारा दादा, हसायचा. दोघं खुशीत होते. मला तेव्हा थोडा हेवा वाटला, कारण दुकानात बाबांच्या हाताखाली बसणारी मी होते. दादा शाळेतून आला की दुकानाला वळसा घालून थेट आत जायचा.

चौथं बटण मनासारखं उतरलं. दादाने ते पुसून, चकाकवून, वर पातळ वॉर्निश मारून बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी ते गालाला लावलं. मग खाचांवरून नख फिरवलं.

"गार आहे," ते म्हणाले. "हे धातूचंच आहे. वा."

बाबांच्या तोंडून निघालेला 'वा' मी मोजून ठेवावा इतका दुर्मीळ. दादाचे डोळे भरले आणि ते लपवायला तो उगाच बरणी उचलायला गेला. तांबंही तुमच्याच पत्र्याच्या डब्यातलं आहे, बाबा, तो पाठमोरा म्हणाला. बाजारातून आणावं असं वाटेना. बाबा हसून म्हणाले, तू विचारलंस तेव्हाच मी घे म्हटलं, तारांचे तुकडे पडूनच होते. बोटही आता बरं होतं. आत्ताच करू या काम, असं म्हणून त्यांनी दादाला रेडिओ आणि मला त्यांचं आयर्न आणायला पाठवलं.

आयर्न कपाटात होतं. बिट त्यात नव्हतं. ते आत अडकून बसू नये म्हणून बाबा काम संपलं की स्क्रू सैल करून बिट काढायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. दुकान बंद केलं त्या दिवशीही त्यांनी तेच केलं असणार. मी डबा उघडला. तारांची भेंडोळी होती, फडकं होतं, फडक्यात काही नव्हतं. मी तशीच गच्चीत गेले आणि बरणीत बघितलं.

ते तारेला लटकलेलं होतं. दादाने त्याचा काळा रंग पॉलिशपेपरने काढला होता, आणि चार बटणांपायी ते चघळलेल्या गोळीसारखं खड्डे पडून बारीक झालं होतं. तिरकं टोक कुठे होतं ते आता सांगताही आलं नसतं. दादाने बिट आयर्नला जोडलेलंच बघितलं होतं, तेही लांबून. सुटं बिट त्याला काय ओळखू येणार? मी एक रविवार आधी नीट वाकून बरणीत बघितलं असतं तर मला बघताक्षणी ओळखू आलं असतं. मी वहिनीच्या टॉवेलावर विनोद करत बसले होते.

दादाने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बरणीकडे. काही सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच ते पाण्याखाली धुतलं आणि बाबांच्या हातात दिलं. काय झालं तेही त्यानेच सांगितलं, न अडखळता, न सावरता. बाबा त्यावरून अंगठा फिरवत राहिले. ते चिडले असते तर फार बरं झालं असतं.

"मला विचारून घेतलं होतंस," ते म्हणाले. "मीच घे म्हटलं."

त्यांनी ते आयर्नमध्ये बसवून बघितलं. ते आत खुळखुळलं, स्क्रू नुसताच फिरत राहिला.

"उद्या नवीन आणतो, बाबा," दादा म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं घासून देतो. उद्याच."

तो शब्द ऐकून बाबांनी मान वर केली. दादाच्या लक्षात आलं, पण शब्द गेला तो गेला. बाबांनी नवं बटण चाचपून घेतलं आणि रेडिओच्या दांडीवर दाबून बसवलं. चपखल बसलं. मग त्यांनी मागचं झाकण शोधलं, ते लावलं, स्क्रू पिळले. आणि खिशातून फडकं काढलं. फडकं बघितलं आणि मला कळलं. दादालाही कळलं, कारण तो "बाबा, नको," असं हळूच म्हणाला.

बाबांनी रेडिओ वरून, बाजूने, काचेवरून पुसला. दादाच्या कानाकडे बघत, परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाले, "ठेवून द्या घरी. शोभेला छान आहे."

दादाने दुसऱ्या दिवशी तांब्याची कांडी आणलीच. ती घासून, तिरकी करून त्याने फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आहे. बाबांनी ती मागितली नाही. आता तर त्यांना कडेचंही दिसत नाही. दादाने गच्ची धुऊन काढली आणि वहिनीला नवी बरणी आणून दिली. त्यानंतर प्रिंटरवर त्याने काही छापलेलं नाही.

रेडिओ पुन्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. बटण इतकं सुंदर झालंय की येणारा जाणारा त्याच्याबद्दल विचारतो. परवा मी भाजी निवडता निवडता सहज ते फिरवलं. त्याला खट्ट असा जुना आवाज आहे, आई सकाळी उठून त्याच बटणाने रेडिओ लावायची तेव्हाचा. बाहेरच्या खोलीत बाबा वहिनीशी काहीतरी बोलत होते, ते बोलता बोलता थांबले. रेडिओला गरम व्हायला जरा वेळ लागायचा, तेवढा वेळ ते थांबले. मग पुन्हा बोलायला लागले.

मी बटण हळूच मागे फिरवलं. खट्ट व्हायचं तिथे बोटाने दाबून धरलं, पण आवाज व्हायचा तो झालाच.