कुशयापनं प्यालेलं तळं

"सनोबर, तुझ्या माहेरी तळं आहे आणि तू आम्हाला एकदाही मासे खायला नेलं नाहीस!" मतयाकुबसाहेबांनी संगणकाच्या काचेवर बोट आपटलं.

सनोबर वाकून बघायला लागली. तालुक्याच्या पाणी कचेरीत तिचे केस पिकले ते याच कामात. उपग्रहाचे फोटो घ्यायचे, कुठल्या गावात पाणी किती आलं, किती उडून गेलं, पीक किती प्यालं, किती उरलं, याचा ताळमेळ नकाशावर बसवायचा. आणि आता तिच्या माहेरच्या गावाच्या, कुशयापच्या मधोमध निळंशार तळं!

"साहेब, हा लग्नाचा हॉल आहे. यंदाच निळा पत्रा घातलाय. चकाकलं की संगणकाला पाणीच वाटतं. माझ्या नजरेतून सुटलं. आत्ता पुसते."

"आत्ता? नकाशा ताश्कंदला जाऊन सही होऊन आलासुद्धा. पाणी वरून खाली येतं बाई, सही झालेला कागद परत वर जात नाही. ज्या गावात तळं, त्या गावाची पाण्याची पाळी रद्द. पुढच्या फोटोत तळं नसलं तर बघू."

कुशयापमध्ये तिचा थोरला भाऊ एगामबेर्गान भात लावून बसला होता. पाळी चुकली की भात संपलाच. तिनं फोन लावला.

"आका, परवा सकाळी उपग्रह डोक्यावरून जाईल. तोवर हॉलचा पत्रा झाका."

"कशानं झाकू? माझ्या टोपीनं?"

"रजया घाला."

आमच्या खोरेज्म प्रांतात एखाद्या घरात पाणी नसेल, पण आढ्यापर्यंत रचलेल्या रजया नाहीत असं घर दाखवा. सगळं गाव शिड्या लावून छतावर चढलं. फक्त ओयजामोल खाला लेकीच्या रुखवतातल्या रजयांवर आडवी पडली.

"कोऱ्या रजया! अजून नवऱ्यानं पाहिल्या नाहीत, आणि वरून कोण बघणार?"

"सरकार बघणार, खाला."

"मग तर मुळीच नाही!"

शेवटी दिल्या तिनं, पण अस्तराची बाजू वर करून. त्या सकाळी गावकरी माना वर करून उभे राहिले. आकाश निरभ्र होतं. एकानं तर हातही हलवला.

नव्या फोटोत तळं नव्हतं. सनोबरनं दोन दिवसांनी पोटभर पुलाव खाल्ला आणि ताळमेळ चालवायला बसली. संगणकानं विचार केला. मागच्या फोटोत एवढं पाणी होतं, या फोटोत नाही. म्हणजे कुठंतरी गेलं. इतक्यात एवढं उडत नाही, शेजारच्या गावात वाढलेलं नाही. मग वापरलं कुणी? कुशयापनं! अख्खं तळं गावाच्या नावावर पडलं आणि उन्हाळ्याचा वाटा तिथंच संपला.

ती धावत साहेबांकडे गेली. "साहेब, ते तळं नव्हतंच हो!"

"नव्हतं तर आटलं कसं?"

"गावानं छतावर रजया—"

मतयाकुबसाहेबांनी दोन्ही कान झाकले. "हे मी ऐकलं नाही. उपग्रहाला फसवलं असं लिहू का? तू, तुझा भाऊ, सगळं गाव आत जाल. अगं, इतका चोख ताळमेळ जिल्ह्यात कुणाचा नाही. वरून शाबासकी आलीय. तुझ्या नावानं."

दुसऱ्या दिवशी ती कुशयापला गेली. कालव्याच्या दारावर कुलूप, कुलपावर लाखेची मोहोर. हॉलच्या छतावर बायका अजून रजयांची धूळ झटकत होत्या. भाताची रोपं टोकाला पिवळी पडली होती. एगामबेर्गान अंगणातल्या लाकडी बैठकीवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही.

"म्हणजे आम्ही तळं प्यालो," तो शेवटी म्हणाला.

"हो, आका."

"एवढं प्यालो, आणि ढेकरसुद्धा आला नाही बघ."

ती हसली नाही. तोही नाही. त्यानं किटली उचलली.

आमच्याकडे आपल्या माणसाला चहा अर्धाच प्याला ओततात. मग पुन्हा ओतायचा, पुन्हा ओतायचा, माणूस बसून राहतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे पी आणि ऊठ.

चहा अर्ध्यापर्यंत आला, पण एगामबेर्गानचा हात थांबला नाही. त्यानं प्याला काठापर्यंत भरला आणि एकही थेंब न सांडता दोन्ही हातांनी बहिणीपुढं ठेवला.

चहा खूप गरम होता. सनोबरनं तो तळापर्यंत संपवला, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि उठली.