खा रे राजा

बडबड्या माणसांसाठी जगात नोकऱ्यांना काय तोटा? पण रेडिओच्या वाट्याला आली ती मुकं राहायची. 'रेडिओ' हे टोपणनाव तिच्या बडबडीमुळे सहकाऱ्यांनीच तिला दिलं होतं. क्रौंच पक्ष्यांची पिल्लं वाढवून पाणथळीत सोडणाऱ्या केंद्रात ती काम करायची. पिल्लांपुढे जाताना अंगावर डोकं-चेहरा झाकणारा पांढरा झगा, हातात क्रौंचाच्या मुंडक्यासारखा, चोच असलेला हातमोजा आणि तोंडाला कुलूप.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू ज्याच्या मागे चालतं, त्यालाच आपल्या जातीचं समजतं. या सवयीवरच ते रानात जगतं आणि पुढे जोडीदारही ओळखतं. तेच माणसाच्या मागे लागलं, की सगळं मुसळ केरात. माणसांत वाढलेला एक म्हातारा नर केंद्रात होताच. दर विणीच्या हंगामात तो झाडूवाल्यापुढे पंख पसरून नाचायचा, शेजारच्या माद्यांकडे ढुंकूनही पाहायचा नाही. झाडूवाल्याला सगळे 'वहिनी' म्हणत.

रेडिओने नियम पाळला, पण एका पिल्लाने खाणं सोडलं. मोज्याची चोच कितीदा भांड्यात बुडवून दाखवली, तरी ते मान टाकून बसलेलं. तिला राहवेना. घरी लेकीला भरवताना "खा गं राणी" म्हणायची, तसंच झग्याआडून पुटपुटली, "खा रे राजा." पिल्लाने मान उचलली आणि खाल्लं. मग काय, ते रोजचंच झालं. तिला मनापासून आनंद व्हायचा.

सोडण्याआधी परीक्षा असे. साध्या कपड्यांतली माणसं डबे बडवत अंगावर धावायची. पळाली ती पिल्लं पास. यंदा सगळी पळाली. तेवढ्यात धावणाऱ्यांतली रेडिओ चिखलात घसरली आणि ओरडली, "आई गं, मेले!" ते एक पिल्लू थबकलं, लांब लांब ढांगा टाकत परत आलं आणि तिच्या ओंजळीत चोच खुपसू लागलं.

"कधीपासून बोलतेस याच्याशी?" केंद्राच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"खात नव्हतं हो, बाई."

"मग आता याला म्हाताऱ्याच्या शेजारी पिंजऱ्यात ठेवायचं. जन्मभर."

"थांबा. मी केलंय, मीच निस्तरते," रेडिओ म्हणाली. "या आवाजाला येतं ना? याच आवाजाला भ्यायला लावते."

दुसऱ्या दिवसापासून ती साध्या कपड्यांत जायची, "खा रे राजा" म्हणायची आणि ते जवळ आलं की डबा बडवत अंगावर जायची. आधी त्याला खेळ वाटला. मग ते बावरलं. तरी येत राहिलं, जरा उशिरा, जरा लांबून. तेच तिला सगळ्यात जड गेलं. शेवटी एका सकाळी तिने नुसतं "खा" म्हटलं आणि पिल्लू जे पळालं ते थेट इतर क्रौंचांत घुसलं.

"पास," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जिंकलीस की गं!" झाडूवाला म्हणाला.

संध्याकाळी तिने मुकाट्याने लेकीपुढे ताट सरकवलं. लेक हाताची घडी घालून बसली.

"आई, आज म्हणत नाहीस? म्हण ना, मग जेवते."

रेडिओने डोळे तिच्यावरून न काढता हळूच म्हटलं, "खा गं राणी."

लेकीने आ वासला, सरकून आणखी जवळ आली. तेव्हा कुठे रेडिओला रडू फुटलं.