दोघांच्या मापाची रजई

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या बाबांनी जाहीर केलं, "पिसांची दाखवू नका. सिंथेटिकच हवी."

बरोबर आलेली थोरली लेक दारातच थबकली. गेल्या हिवाळ्यात याच माणसानं पिसांच्याच रजईसाठी आईशी हुज्जत घातली होती. आईचं म्हणणं होतं, पिसं ओली झाली की त्यांचे गठ्ठे होतात, मग कसली ऊब नि कसलं काय. सिंथेटिक भरण भिजलं तरी थोडीफार ऊब धरून ठेवतं. बाबांचं म्हणणं, वजन बघ, पाठीवर मला वाहायचंय. बाबा पडले भूगोलाचे मास्तर, त्यांच्याशी वाद घालून कोण जिंकणार? शेवटी पिसांची आली. बर्फाच्या कडेला लावलेल्या तंबूत दोघांच्या श्वासानं आणि दवानं ती चिंब झाली. सकाळी बाबांना जाग आली तेव्हा शेजारी आई गेलेली होती.

आता वर्ष होत आलं होतं आणि बाबांना त्याच जागी जाऊन तंबू ठोकायचा होता. एकट्यानं. थोरलीनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं, धाकट्या भावाला लांबून फोनवर ओरडायला लावलं. बाबांनी कुणालाच भीक घातली नाही. साधं कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूससुद्धा "येतो" म्हणतो. बाबा मात्र या सहलीचा विषय निघाला की "जातो" म्हणायचे, आणि तेही अशा खुशीत की थोरलीची झोपच उडाली होती. हा माणूस परत येण्यासाठी निघालेला नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

दुकान डोंगरात हिंडणाऱ्यांच्या सामानाचं होतं. बूट, काठ्या, तंबू, आणि मागच्या भिंतीला आडव्या दांड्यांवर मोकळ्या सोडलेल्या रजया. "पिशवीत कोंबून ठेवल्या की भरण बसतं," मालकीणबाई म्हणाल्या. "एकदा बसलं की कितीही झटका, पुन्हा फुगत नाही. घरीही अशीच टांगा, काका." बाई मोठ्या बोलक्या. खालची बाजू उघडी का, कडा मॅटच्या पट्ट्यांना कशा अडकवायच्या, पायाकडची दोरी किती ओढायची, सगळं त्यांनी हातानं करून दाखवलं. बाबा शहाण्या विद्यार्थ्यासारखे माना डोलावत होते.

"एकटेच जाणार ना?"

"एकटाच. पण रुंद द्या. दोघांच्या मापाची."

बाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं छताकडे पाहिलं.

दोघांच्या मापाच्या दोन रजया निघाल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही राखाडी. एक कडक थंडीची, गुबगुबीत. दुसरी उन्हाळी, जेमतेम चादरीची बहीण शोभेल अशी. दुकानाचा एक दंडक होता. गारठाखोलीत झोपून दाखवल्याशिवाय हिवाळी रजई कुणालाही द्यायची नाही. गारठाखोली म्हणजे जुनं आइस्क्रीमचं कोठार. आत जमिनीवर एक मॅट, रजईखाली सरकवायची तापमानाची तार, आणि दाराबाहेर तिचा काटा. दाराला जाड काचेची खिडकी. काटा खाली यायला लागला की बाई गिऱ्हाइकाला हाक मारून बाहेर काढत, पुढची जाड रजई दाखवत. त्या खोलीतून भलेभले पैलवान दात वाजवत बाहेर आले होते, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं.

थोरलीच्या डोक्यात त्याच क्षणी किडा वळवळला. बाबांनी एकदा हाडं गोठेपर्यंत थंडी खाल्ली, तर कदाचित हेका सोडतील. तिथं तंबूत नाही, इथं, दाराबाहेर ती उभी असताना.

बाईंना गल्ल्यावरून कुणीतरी हाक मारली. "मी आलेच, तुम्ही घालून द्या तोवर," म्हणत त्या गेल्या. थोरलीचं स्वतःचं चष्म्याचं दुकान. बाबांचा नंबर तिनंच काढलेला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "आत काचेवर धुकं धरेल, द्या इकडे," म्हणून तिनं चष्मा काढून घेतला. बाबा मॅटवर आडवे झाले, नेहमीच्या सवयीनं डाव्या कडेला, उजवी अर्धी जागा मोकळी सोडून. थोरलीनं त्यांच्या अंगावर उन्हाळी रजई घातली. डावी कड खोचली. उजवी तशीच सैल राहू दिली. म्हटलं, तिकडून चांगला वारा शिरू दे. एवढं करताना तिला स्वतःची लाज वाटली, पण दार तिनं घट्ट लावून घेतलं.

काटा खाली यायला लागला. थोरली मनात म्हणाली, आता पाचच मिनिटं.

मग काटा थांबला. जरा थरथरला, आणि वर चढू लागला.

बाई परत आल्या, काट्याकडे पाहून खूश झाल्या. "बघा, हिवाळी ती हिवाळीच!" मग त्यांचं लक्ष दांडीवर टांगलेल्या गुबगुबीत रजईकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, ही तर इथंच आहे. मग आत काय घातलंत?"

"उन्हाळी," थोरली म्हणाली. "मुद्दाम."

एरवी बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण त्या काट्याकडेच बघत राहिल्या. काटा चढतच होता. "उन्हाळीत हे होत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "एका माणसाच्या अंगात एवढी ऊब नसते."

खिडकीतून बाबा दिसत होते. उजव्या कुशीवर वळलेले, ओठ हलत होते. मधेच ते थांबत, ऐकत, आणि हसत. वर्षभरात थोरलीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्याचा तिला हेवाही वाटला.

ती आत गेली. गारठ्यानं तिचे डोळे चुरचुरले. बाबांचे गाल मात्र लाल झाले होते, कपाळावर घाम.

"हीच घेतो," ते म्हणाले.

"बाबा, ही पातळ आहे. तुम्हाला थंडी वाजावी म्हणून मीच घातली. हिच्यात तिथं तुम्ही एक रात्र काढू शकणार नाही."

"पातळ आहे हे अंगावर पडताच कळलं मला. डोळे अधू आहेत, कातडी नाही." त्यांनी रजईखालून तिचा हात धरला. "पण वाजतेय कुठं थंडी? हात घालून बघ."

थोरलीनं पलीकडे हात नेला. मॅट दबलेली होती, खांद्यापाशी जास्त, कमरेपाशी थोडी कमी. आणि ऊब होती. कुणी उठून गेल्यावर जागेला राहते ती ऊब वेगळी. ही तशी नव्हती. इथून कुणी उठलेलं नव्हतं. तिनं सैल सोडलेली उजवी कड नीट आत वळवून अंगाखाली घेतलेली होती. आत झोपलेला माणूसच घेऊ शकतो, तशी.

"आई," तिच्या तोंडून निघालं.

बाबांनी लहान मुलाला दटावावं तसं ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय आत्ताच. तिला सांगितलंय मी, येत्या शनिवारी निघतो. ती म्हणाली, वजन फार घेऊ नकोस."

थोरलीला त्या रजईत शिरायचं होतं, दोघांच्या मधोमध, लहानपणी वीज कडाडली की शिरायची तसं. वर्षभराचं किती काय काय सांगायचं होतं. स्वयंपाकघरातलं तुझं कपाट अजून आवरलं नाही, तुझा आवाज फोनमध्ये आहे पण मी लावत नाही. ती गुडघ्यांवर बसली, वाकली, त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेच्या कानाशी तोंड नेलं. आणि जे म्हणायला हवं होतं तेवढंच म्हणाली.

"आई, बाबांना सोड. मला हवे आहेत ते."

क्षणभर काहीच झालं नाही. बाहेरून बाई काचेवर टकटक करत होत्या. मग आत वळवलेली कड सावकाश बाहेर आली. रजई पलीकडच्या बाजूनं किंचित उचलली गेली, शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून जपून कुणी उठावं तशी, आणि अलगद खाली टेकली. थोरलीच्या हाताखालची मॅट फुगून वर आली.

बाबांच्या अंगातून शिरशिरी गेली. दुसरी आली ती मोठी. दात वाजू लागले, ओठ पाहता पाहता काळेनिळे पडले. "अगं... कुठं..." म्हणत त्यांनी पलीकडे चाचपलं, मॅटच्या पुढे, पार भिंतीपर्यंत. बाई गुबगुबीत रजई घेऊन धावत आत आल्या, दोघींनी मिळून त्यांना तिच्यात गुंडाळलं आणि ओढतच दुकानात आणलं. हीटरसमोर बसवलं. थोरलीनं चष्मा त्यांच्या नाकावर चढवला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्यातून, नीट, बराच वेळ.

"काय सांगितलंस तिला?"

थोरलीला खोटं बोलता आलं नाही. "सोड म्हटलं."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. जरा वेळानं बाईंनी चाचरत विचारलं, "काका, मग ही जाड बांधून देऊ का? शनिवारसाठी?"

"नको," बाबा म्हणाले. "आता तिथं जाऊन काय करू? तिथं कुणी नाही."

थोरलीला हवं होतं तेच झालं होतं. ती बाबांचे हात चोळत राहिली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच, परक्या बाईसमोर, ओक्साबोक्शी रडली.