लोंबती वायर

गाडीखाली उताणा पडलेला जावई नव्या स्टार्टरचा शेवटचा नट आवळत होता. हँडब्रेक कुचकामी, म्हणून गाडी गिअरमध्येच ठेवलेली; तशीच चालू केली तर ती उडी घेणार. पण बॅटरीची वायर त्याने आधीच काढली होती, त्यामुळे जिवाला घोर नव्हता.

बोनेटपाशी उभे असलेले सासरे हात पुसत म्हणाले, "तुमची एक वायर सुटून लोंबत होती. घट्ट बसवून टाकली."

या घरात लोंबतं काही कुणाला बघवतच नसे.  ठिणगी उडू नये म्हणून जावयाने नटावरचा पाना अलगद काढून घेतला.

"बाबा, किल्ली कुठाय?"

"हिच्याकडे. चालू होते का बघायला आत बसलीय."

"आई, किल्लीला हात लावू नका," तो ओरडला.

बंद काचेआडून सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणताय? थांबा, काच खाली करते."

या गाडीची काच किल्ली फिरवल्याशिवाय खाली येत नसे.