स्मृतिदिनाला कोणी यायचं

माझा एलाद लहानपणापासून हट्टी, पण सक्तीच्या सैन्यभरतीच्या आदल्या दिवशी त्यानं कहरच केला. मी मलिद्याच्या प्रसादाचे पोहे भिजवले होते, नारळ खवला होता, प्रार्थनेला इथल्या दिमोना गावातली आपली सगळी मराठी ज्यू माणसं बोलावली होती. त्याचा चुलतभाऊ नदाव सैन्यात गेला तेव्हा केलं होतं, अगदी तसंच. आणि हा पठ्ठ्या भरल्या ताटासमोर उभा राहून सांगतो, उद्या मी आणि माझे दोन मित्र छावणीच्या दारापर्यंत जाऊ, पण गणवेश घालणार नाही, तुरुंगात टाकायचं तर टाका म्हणावं.

नदाव म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, मिल्कावहिनींचा एकुलता एक. गेल्या वर्षी सीमेपलीकडे गेला तो पेटीतूनच परत आला. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले. एलादचं बोलणं ऐकून मिल्कावहिनी प्रसाद न घेताच उठल्या. दारात मला म्हणाल्या, माझा गेला तो काय मूर्ख होता?

मी सगळा राग पोरावर काढला. नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आई, नदाव सुट्टीवर आला की मला सांगायचा," तो म्हणाला. "कुणाच्या घराचं दार तोडलं, आतली पोरं कशी किंचाळली. त्याला झोप लागायची नाही गं. मला नाही जमणार ते. पण यातलं काकूला काही सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. मग आमचं सुरूच झालं. महिनाभर तुरुंग, चार दिवस घर, पुन्हा बोलावणं, पुन्हा नकार, पुन्हा तुरुंग. आमचे हे त्याच्याशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायचे. शेजारणी माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलायच्या.

लढाईत गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन जवळ आला तेव्हा एलाद सुटून घरी होता. मिल्कावहिनींनी निरोप धाडला की तो नदावच्या थडग्याशी आला तर मी येणार नाही. आता सांगा, आईनंच यायचं नाही? मी एलादला समोर बसवून सांगितलं. तो म्हणाला, मी अगदी मागे उभा राहीन, काकूला दिसणारसुद्धा नाही. मी म्हटलं, नाही. त्या बाईकडे तेवढंच उरलंय, ते तरी तिला सुखानं करू दे. त्यानं वाद घातला नाही. छावणीत पुन्हा हजर व्हायला अजून दोन दिवस होते, तरी पिशवी भरायला लागला. त्याचा भाऊ तिकडे, आणि आपण इकडे घरात बसून राहायचं, ते त्याच्यानं होईना. मी उकडलेली अंडी बांधून दिली. तो पुन्हा तुरुंगात जायला निघून गेला.

स्मृतिदिनाला लष्करी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खुर्च्यांसाठी हुज्जत घालत होते आणि मिल्कावहिनी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसलेल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, माणूस आहे इथे. मला वाटलं, भाऊजींसाठी असेल. श्रद्धांजलीचा भोंगा वाजला, सगळे उठून उभे राहिले. वाजायचा थांबला तेव्हा वहिनी रडत नव्हत्या. मागे वळून गर्दीत कुणाला तरी शोधत होत्या.

"एलाद कुठाय गं?"

"वहिनी, तुम्हीच तर म्हणालात, येऊ नको म्हणून."

"म्हणाले. रागात काय मी थोडं बोलते? लहानपणी हजारदा त्याला घरातून हाकललं असेल, पण आला नाही असं कधी झालं?" त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली. "मला वाटलं, एवढ्या मोठ्या सैन्याचं ऐकत नाही तो, माझं कशाला ऐकेल?"

"तुमचं नाही ऐकलं, वहिनी. तो येणारच होता, त्याला मी नको म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाल्या, बस. मला बसवेना.